ओळंबेसाहेबांचा डावा पाय

पलंगाखालून एकंदर चौदा वस्तू निघाल्या. गरम पाण्याच्या पिशव्या दोन, त्यांतली एक गळकी. टेनिसचा चेंडू एक. लाटणं एक, ज्याच्यापायी स्वयंपाकघरात आठवडाभर सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. टाचेखाली ठेवायच्या रबरी चकत्या तीन. चौथी कुठे गेली ते कोणालाच सांगता येईना. कमरेचा पट्टा एक, बकल तुटलेला. मलमाच्या ट्यूबा चार, त्यांतल्या तिघींना टोपण नाही. वीट एक. आणि डाव्या पायाची एक चप्पल, जिचा तळ तिच्या उजव्या जोडीदारणीपेक्षा बरोबर सहा मिलीमीटर जाड होता.

पंधरावी वस्तू पलंगावर होती, पालथी. केरसुणी भिंतीला टेकवून बायको तिच्याकडे वळली.

"अहो, वीट कशाला?"

"असू दे," ओळंबेसाहेब उशीत म्हणाले.

"पलंगाखाली वीट असू दे?"

"पायथ्याकडची बाजू उंच करायची होती. एकीनं भागत नाही. निदान दोन तरी लागतात."

"मग दुसरी आणू नका," बायको म्हणाली आणि तिने वीट गॅलरीत नेऊन ठेवली.

वस्तू चौदावर कशा गेल्या हे सांगायचं तर सुरुवात टाचेपासून करायला हवी. आणि टाचेबद्दल सांगायचं तर त्याआधी फरशीबद्दल सांगायला हवं.

ओळंबेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव पोस्टमनला ठाऊक होतं. बाकीच्यांनी त्यांच्या खिशातल्या ओळंब्यावरून त्यांचं बारसं केलं होतं. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. गवंडी तो भिंतीपुढे सोडतो आणि भिंत ताठ उभी आहे की झुकली आहे ते एका नजरेत कळतं. ओळंबेसाहेब बांधकाम खात्यात सुपरवायझर होते. कोणाच्याही घरी गेले की ते आधी भिंतीकडे बघत, मग माणसांकडे, आणि बहुधा दोन्हींबद्दल त्यांचं मत प्रतिकूल होई. ते स्वतः चालत तेही असे ताठ, की समोरच्याला उगाचच आपला खांदा पडलाय असं वाटून तो सावरून घेई.

ज्या इमारतीत त्यांचं बिऱ्हाड होतं ती खात्यातल्याच लोकांनी सोसायटी करून बांधली होती, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या पॅसेजची फरशी ओळंबेसाहेबांनी जातीने उभं राहून बसवून घेतली होती. पॅसेजच्या एका टोकाला त्यांचं दार, दुसऱ्या टोकाला हिशेबनिसांचं. मधे दहा फरश्या, प्रत्येकी तीस सेंटिमीटरच्या.

हिशेबनीस खात्याच्या हिशेब विभागातून निवृत्त झाले होते, सवयीतून झाले नव्हते. त्यांचं म्हणणं साधं होतं. पॅसेज धुतला की पाणी त्यांच्या दाराशी येतं, उंबऱ्यापाशी थांबतं, जरा विचार करतं आणि आत शिरतं. ओळंबेसाहेबांच्या दाराशी मात्र एक थेंब थांबत नाही. म्हणून हिशेबनिसांच्या दारात कायमचं एक पोतं अंथरलेलं असे, आणि सोसायटीच्या प्रत्येक सभेत शेवटी "आयत्या वेळचे विषय" आले की सेक्रेटरी आपणहून त्यांच्याकडे बघत.

"पाणी आपणहून चालत येतं का हो साहेब? उतार असल्याशिवाय?" हिशेबनीस विचारत.

"तुमच्या उंबऱ्याचं काहीतरी असेल. फरशी लेव्हलला आहे."

"एकदा मोजू या."

"मी पास केलेली फरशी मोजायची म्हणजे मलाच मोजायचं."

बाहेरचा माणूस आणून मोजायची तर त्याला सभेचा ठराव लागे, ठरावाला कोरम लागे आणि सभेला चहा नसला की कोरम भरत नसे. असा तो प्रश्न वर्षानुवर्षं पोत्यावर पडून होता. शेवटी एका सभेत ओळंबेसाहेबांचा तोल गेला. ते उभे राहिले आणि म्हणाले, "ज्या दिवशी ती फरशी वाकडी निघेल, त्या दिवसापासून तुमच्या दारातलं पाणी मी माझ्या हातानं पुसीन."

सगळ्यांनी ऐकलं. हिशेबनिसांनी तर दोनदा ऐकलं, कारण "जरा परत म्हणता का" म्हणून त्यांनी ते पुन्हा वदवून घेतलं.

त्यानंतर काही महिन्यांनी टाच सुरू झाली.

सकाळी पलंगावरून उतरून उजवं पाऊल टेकलं, की कोणीतरी फरशीत खिळा उलटा ठोकून ठेवल्यासारखी कळ येई. स्वयंपाकघरापर्यंत जाईतो ती जरा ओसरे, दुपारी नसल्यासारखीच होई आणि संध्याकाळी साइटवरून परतताना पुन्हा येऊन भेटे. ओळंबेसाहेबांनी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. पण भिंतीला कधी हातही न लावणारा माणूस सकाळी भिंत धरून न्हाणीघराकडे जाऊ लागला, तेव्हा बायकोने ओळखलं. बायकोने ओळखलं म्हणजे वरच्या मजल्यावरच्या विमावाल्यांना कळलं, आणि विमावाल्यांना कळलं म्हणजे आणखी कोणाला सांगायची गरज उरली नाही.

"टाच वाढली," विमावाले जिन्यातच म्हणाले. "हाड वाढतं आतून. माझ्या मेव्हण्याची इतकी वाढली, इतकी वाढली..."

"मग?"

"मग कमी झाली. आपोआप. पण तो फार सोसलेला माणूस."

मेव्हण्याने सोसताना जे जे केलं होतं ते सगळं विमावाल्यांनी सांगितलं. तळपायाखाली लाटणं फिरवावं. खडीवरून अनवाणी चालावं. टाचेखाली रबरी चकती ठेवावी. एकीने फरक पडला नाही तर दोन ठेवाव्यात. तळमजल्यावरच्या गाणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, खडीवरून मुळीच चालू नका, माझी मावशी चालली होती. मावशीचं पुढे काय झालं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही, नुसता एक सुस्कारा सोडला. ओळंबेसाहेबांनी खडी आणि मावशी यांच्यातून मधला मार्ग काढला आणि घरात अनवाणी चालायला सुरुवात केली. कडक फरशीवर दुखरी टाच आपटत आठवडाभर ते हिंडले. दुखणं वाढलं. सल्ला बरोबर होता की चूक हे त्यामुळे ठरलं नाही, कारण दुखणं वाढणं हे विमावाल्यांच्या मते ते निघून जाण्याचं लक्षण होतं.

तेव्हा ओळंबेसाहेबांनी ठरवलं की ऐकीव गोष्टी पुरे. एकाच पायाची टाच दुखते, याचा अर्थ भार एकाच पायावर जास्त पडतो. भार जास्त पडतो, याचा अर्थ दुसरा पाय आखूड असणार. आणि आखूड आहे की नाही हे सल्ल्याने ठरत नाही, मोजून ठरतं. इथपर्यंत त्यांच्या विचारात फारसं काही वावगं नव्हतं.

मोजायला त्यांनी पॅसेज निवडला. घरात फर्निचर, पॅसेजमध्ये लांब मोकळी भिंत होती. आपल्या दाराशेजारी भिंतीला पाठ लावून ते उभे राहिले, दोन पाय शेजारशेजारच्या दोन फरश्यांच्या बरोबर मध्यावर ठेवले आणि बायकोच्या हातात पाणसळ दिली. पाणसळ म्हणजे लाकडी पट्टीत बसवलेली काचेची नळी. तिच्यातला फुगा मधे आला की पट्टी आडवी सरळ, फुगा सरकला की ज्या बाजूला सरकला ती बाजू उंच. बायकोने ती त्यांच्या कमरेच्या दोन हाडांवर आडवी धरली.

"फुगा तुमच्या उजवीकडे जातोय," ती म्हणाली.

"म्हणजे डावी बाजू खाली. म्हणजे डावा पाय आखूड." ओळंबेसाहेबांचा आवाज किंचित समाधानी होता. रोगाचं मूळ सापडलं होतं, तेही घरच्या घरी. "आता डाव्या पायाखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकव. एकेक. फुगा मधे आला की थांब."

फुगा मधे आला. पुठ्ठ्यांची थप्पी त्यांनी पट्टीने मोजली. सहा मिलीमीटर. खात्री म्हणून पुन्हा मोजली, आणि मग बायकोला पाणसळ उलटी धरायला लावून तिसऱ्यांदा. पाणसळ बिघडलेली असू शकते. पट्टी चुकीची असू शकते. बायकोचा हात हलू शकतो. या सगळ्या शक्यता त्यांनी एकामागून एक तपासून बाद केल्या. फरशी तपासण्याचा प्रश्न नव्हता. ती त्यांनी स्वतः पास केलेली होती.

त्याच वेळी हिशेबनीस पोतं पिळायला बाहेर आले. त्यांनी भिंतीला टेकलेले साहेब पाहिले, कमरेवरची पाणसळ पाहिली.

"मोजताय वाटतं," ते म्हणाले.

"पाय," ओळंबेसाहेब म्हणाले.

"असं होय," हिशेबनीस म्हणाले आणि पोतं पिळून आत गेले.

कोपऱ्यावरच्या चपला दुरुस्त करणाऱ्याला जेव्हा सांगितलं की डाव्या चपलेला सहा मिलीमीटरचा जादा तळ बसव, तेव्हा तो म्हणाला, "पाऊण बोट ना?"

"बोट नाही. सहा मिलीमीटर."

"तेच हो. कोणाचं बोट धरायचं त्यावर आहे."

ओळंबेसाहेबांनी खिशातून पट्टी काढली. त्या दिवशी त्यांनी तिथेच स्टुलावर बसून तळ तीनदा तासून घेतला. मागे चार गिऱ्हाइकं खोळंबली. त्यांतल्या एकाला फक्त अंगठा शिवून हवा होता. तो शेवटी एक चप्पल हातात घेऊन तसाच निघून गेला.

नव्या चपलेचा अनुभव उत्तम होता. आपल्या दाराशेजारी भिंतीला पाठ लावून उभं राहिलं की फुगा थेट मधोमध. ओळंबेसाहेब रोज सकाळी तिथे दोन मिनिटं उभे राहत आणि आपण आता समतोल आहोत याचा आनंद घेत. अडचण एवढीच, की माणसाला नोकरीसाठी तिथून हलावं लागतं. रस्त्यावर आले की ते उजवीकडे झुकत. झुकलेले दिसू नये म्हणून ते कमरेतून डावीकडे ओढून घेत. ज्यांच्या खांद्यांनी आयुष्यभर त्यांच्याकडे पाहून स्वतःला सावरलं होतं, ते आता वळून बघू लागले.

साइटवर चपला चालत नाहीत. तिथे खात्याकडून मिळणारे सेफ्टी शूज घालावे लागतात, आणि ते देणारे स्टोअरकीपर हे फार नियमाचे गृहस्थ होते.

"डावा जरा जाड तळाचा हवा," ओळंबेसाहेब म्हणाले.

"साहेब, जोड म्हणजे दोन सारखे. तुम्हाला दोन वेगळे हवेत, म्हणजे दोन जोड झाले. एका माणसाला दोन जोड देता येत नाहीत."

"मग काय करायचं?"

स्टोअरकीपरने खरोखर विचार केला. "दुसरा माणूस आणा. ज्याचा उजवा आखूड आहे असा. दोघांच्या नावावर दोन जोड काढतो, तुम्ही आपसांत बदलून घ्या."

ओळंबेसाहेबांनी खात्यात चौकशी केली. नकाशा विभागातले एक गृहस्थ थोडे लंगडत, म्हणून त्यांनी त्यांना कॅन्टीनमध्ये बाजूला घेऊन मोठ्या आपुलकीने विचारलं की तुमचा नेमका कुठला. ते गृहस्थ तेव्हापासून बोलेनासे झाले. शेवटी ओळंबेसाहेबांनी डाव्या सेफ्टी शूजमध्ये दोन रबरी चकत्या कोंबल्या. तिसरी आणि चौथी उजव्या दुखऱ्या टाचेखाली गेली. आता डावा पाय उंच झाला म्हणून उजवा उंच केला, आणि उजवा उंच झाला म्हणून डाव्यात पुठ्ठा घातला. संध्याकाळपर्यंत ते सबंध खात्यात सर्वांत उंच सुपरवायझर झाले होते.

कंबर धरली ती दुसऱ्या दिवशी, एका नव्या इमारतीच्या जिन्यात. दोन पायऱ्यांतलं अंतर मोजायला ते वाकले आणि तिथेच राहिले. दोन मजुरांनी त्यांना तसंच वाकलेलं उचलून जीपमध्ये ठेवलं. पुढच्या सगळ्या आठवड्यात मलम, पट्टा, पिशव्या आणि वीट आली, आणि त्या आठवड्याच्या शेवटी बायकोने पलंगाखाली केरसुणी घातली.

"उठा," ती म्हणाली. "दवाखान्यात जायचंय."

"पूर्ण विश्रांती हवी कमरेला. विमावाल्यांचा मेव्हणा महिनाभर..."

"मेव्हण्याला ठेवा तिकडेच. मी गाडी बोलावलीय."

दवाखान्याच्या खिडकीवर त्यांना विचारलं गेलं, "पाय की कंबर?"

"दोन्ही."

"एका चिठ्ठीवर एकच. पायाची रांग डावीकडे, कमरेची उजवीकडे."

"मधलं काहीतरी लिहा ना," बायको म्हणाली.

खिडकीतल्या माणसाने 'इतर' असं लिहिलं. इतरांची रांग लहान होती, त्यामुळे तासाभरातच ते फिजिओथेरपिस्टच्या खोलीत पोचले. ती वयाने त्यांच्या धाकट्या पुतणीएवढी होती. तिने त्यांना अनवाणी उभं केलं, मागून पाहिलं, पुढून पाहिलं, कमरेच्या हाडांवर अंगठे ठेवून पाहिलं. मग टेबलावर उताणं झोपवून टेपने कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत एक पाय मोजला, मग दुसरा.

"दोन्ही पाय सारखे आहेत, काका," ती म्हणाली.

"नाहीत. डावा सहा मिलीमीटर आखूड आहे."

"कोणी मोजला?"

"मी. पाणसळ लावून. तीनदा."

"कुठे उभे होतात?"

"आमच्या पॅसेजमध्ये."

"तिथली फरशी सरळ आहे?"

"ती मी स्वतः पास केलेली आहे."

तिने पुन्हा टेप घेतला, पुन्हा मोजलं आणि आकडे त्यांना दाखवले. "हे बघा काका. पाय सरळ आणि फरशीही सरळ, असं असतं तर तुमचा फुगा मधे राहिला असता. पाय माझ्यासमोर आहेत. फरशी मी पाहिलेली नाही."

ओळंबेसाहेब छताकडे बघत होते. छत सरळ होतं.

मग तिने बाकीचं समजावलं. टाचेचं हाडबीड काही नाही. तळव्याचा जाड पडदा ताणून ताणून सुजलाय, आणि पोटऱ्या आखडल्यात. भिंतीला हात टेकवून एक पाय मागे घ्यायचा, टाच उचलायची नाही, पोटरी ताणली जाईल असं तीस आकडे धरून ठेवायचं. गोठवलेल्या पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची. घरात मऊ तळाची चप्पल, कडक फरशीवर अनवाणी बंद. कंबर त्या जाड चपलेने आणि झुकून चालण्याने धरलीय. ती चप्पल आजपासून बंद, पट्टाही बंद. झोपून राहायचं नाही, थोडं थोडं चालायचं. खालचं काही उचलायचं तर कंबर वाकवायची नाही, गुडघे वाकवायचे.

"ऑपरेशन वगैरे?"

"काही नाही."

"इंजेक्शन?"

"धीर धरायचा. काही आठवडे लागतात."

एवढ्या दुखण्यावर एवढासा उपाय, हे ओळंबेसाहेबांना मनातून अपमानास्पद वाटलं. पण खरी सल ती नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी सगळं मान्य केलं, एक सोडून. बाटली फिरवली, पोटऱ्या ताणल्या, पट्टा टाकून दिला. पण पॅसेजमध्ये जायचं झालं की ते हळूच ती जाड चप्पल घालत, भिंतीला पाठ लावून उभे राहत आणि मग खाली उतरताना बदलत. बायकोने दोन दिवस पाहिलं.

"ती मुलगी म्हणाली पाय सारखे आहेत."

"वयाने लहान आहे ती."

"टेप लहान नव्हता." बायकोने चप्पल उचलली. "अहो, एकदाचं ठरवा. पाय की फरशी?"

ओळंबेसाहेबांचं ठरलेलंच होतं. आखूड पाय ही देवाची करणी होती. त्यात माणसाचा दोष नसतो. वाकडी फरशी म्हणजे तीस वर्षांच्या नोकरीत दुसऱ्यांच्या भिंतींना ठेवलेली सगळी नावं परत घ्यायची, नाव बदलायचं आणि हातात फडकं घ्यायचं. आखूड पायाने माणूस फार तर लंगडतो. त्यांनी आखूड पाय पत्करला होता.

त्याच आठवड्यात पॅसेज धुतला गेला आणि हिशेबनीस पडले.

पोतं उचलायला ते दारात आले, साचलेल्या पाण्यात पाय गेला आणि ते सरळ बसले. आवाज ऐकून ओळंबेसाहेब धावले; धावले म्हणजे त्या दिवसांत त्यांना जमेल तेवढे. हिशेबनीस भिंतीला टेकून पाण्यात बसले होते, चष्मा मात्र जागेवर होता.

"राहू द्या साहेब, तुम्ही उचलू नका," ते म्हणाले. "दोघे खाली बसलो तर तिसरा कुठून आणायचा?"

हाड मोडलं नव्हतं. कंबर धरली. विमावाल्यांनी त्यांना वर उचलून खोलीत नेलं आणि मेव्हण्याविषयी सांगितलं. फरशीबद्दल हिशेबनीस एक अक्षर बोलले नाहीत. इतक्या वर्षांत ते फरशीबद्दल बोलले नाहीत असा हा पहिलाच प्रसंग होता, आणि ओळंबेसाहेबांना रात्री जेवण गेलं नाही.

हिशेबनिसांनाही त्याच फिजिओथेरपिस्टकडे नेलं, आणि तिने त्यांनाही जवळजवळ तेच सांगितलं. त्यामुळे पुढच्या आठवड्यापासून इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर रोज सकाळी एक देखावा दिसू लागला: पॅसेजच्या भिंतीला दोन वयस्क गृहस्थ हात टेकवून उभे आहेत, एकेक पाय मागे, तोंडं भिंतीकडे, जणू दोघे मिळून इमारत ढकलत आहेत. दुधवाला पहिल्या दिवशी मदतीला थांबला.

"सव्वीस, सत्तावीस," हिशेबनीस मोजत. "साहेब, तुम्ही लवकर सोडलंत. तीन बाकी आहेत."

"मोजत होतो मनात."

"मनातलं धरत नाही मी."

ओळंबेसाहेबांनी पाय पुन्हा मागे घेतला आणि राहिलेले तीन आकडे भरले. टाच आता बरी होती. सकाळचा खिळा बोथट झाला होता. भिंतीकडे बघतच ते म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही काही बोलला नाहीत."

"कशाबद्दल?"

"फरशीबद्दल."

"पडलो होतो हो," हिशेबनीस म्हणाले. "पडलेला माणूस उताराबद्दल बोलला की लोकांना वाटतं सबब सांगतोय. आता दुसरा पाय घ्या."

ओळंबेसाहेबांनी दुसरा पाय घेतला. तीस आकडे पुरे झाले तरी ते भिंतीला तसेच टेकून राहिले, इतके की हिशेबनिसांना विचारावं लागलं, कंबर तर नाही ना धरली पुन्हा.

त्या संध्याकाळी बायकोला न्हाणीघरातून आवाज आले. तिने डोकावून पाहिलं. ओळंबेसाहेब रिकाम्या बादलीसमोर पाठ ताठ ठेवून, गुडघे वाकवून खाली जात होते, फडकं उचलत होते, ठेवत होते आणि वर येत होते.

"हे काय?"

"कंबर न वाकवता. तिने सांगितलंय तसं," ते म्हणाले. "सवय हवी."

जाड तळाची चप्पल तिने त्याच दिवशी गॅलरीतल्या विटेशेजारी नेऊन ठेवली होती. ती कोणी परत आणली नाही.

दुसऱ्या दिवशी पोटऱ्या ताणून झाल्यावर ओळंबेसाहेब घरात गेले आणि पाण्याने भरलेली पारदर्शक नळी, दोन पट्ट्या, एक बादली आणि एक फडकं घेऊन आले. बादली आणि फडकं त्यांनी हिशेबनिसांच्या दाराशी ठेवलं. हिशेबनीस बादलीकडे बघत राहिले.

"हे टोक तुम्ही धरा," ओळंबेसाहेब म्हणाले. "नळीतलं पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीला राहतं, काही केलं तरी. फरशीपासून पाण्यापर्यंतची उंची मोजायची. फरशी लेव्हलला असेल तर तुमचा आकडा आणि माझा आकडा एकच येईल."

"आणि नसेल तर?"

"पट्टी सरळ उभी धरा. तिरकी धरू नका."

नळीत कुठे हवेचा बुडबुडा अडकलाय का हे त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन पाहिलं. एक सापडला, तो त्यांनी चिमटीने ढकलत बाहेर काढला. मग ते आपल्या दाराशी गेले, गुडघे वाकवून खाली बसले आणि पट्टी फरशीवर टेकवली. पाणी डचमळत होतं. दोघेही ते थांबेपर्यंत थांबले. ओळंबेसाहेबांची बायको दारात येऊन उभी राहिली.

"तुमच्याकडे?" हिशेबनिसांनी पलीकडून विचारलं.

"नव्वद सेंटिमीटर."

हिशेबनिसांनी चष्मा कपाळावर चढवला, नळीला डोळा लावला आणि पट्टी वाचली. मग चष्मा खाली घेऊन पुन्हा वाचली.

"सांगा," ओळंबेसाहेब म्हणाले.

"शहाण्णव."

"परत बघा. पाणी स्थिर आहे?"

"स्थिर आहे. शहाण्णव."

दहा फरश्यांत सहा सेंटिमीटर. म्हणजे एका फरशीमागे बरोबर सहा मिलीमीटर.